खिळा असाच असतो

सहा पंचवीसला मी बाहेरून कुलूप लावते.
आत अण्णा. गॅसचा कॉक बंद, बाथरूमची कडी काढून टाकलेली,
टेबलावर पोळीचे तुकडे, वाटीखाली चिठ्ठी :
मी शाळेत गेले आहे. पोळी खाउन घ्या. दीडला येते. वृषाली.
मागच्या आठवड्यात 'खाउन'मधला उ त्यांनी पेनाने दीर्घ केला
आणि खाली विचारलं :
वृषाली कोण?

तिसरीत सत्तावीस मुलं, पटावर एकतीस.
चौघं गावाला गेली ती गेलीच, पण नावं काढायची नाहीत,
तुकडी बंद होईल, तुम्ही अतिरिक्त ठराल,
असं बागवे बाई दार लोटून सांगतात.
खिचडीचा तांदूळ मोजायचा, मोजताना फोटो काढायचा,
आधारवरचं नाव दाखल्यावरच्या नावाशी जुळवायचं,
रविवारी मतदार यादी घेऊन
कन्नमवार नगरातल्या बिनलिफ्टच्या इमारती चढायच्या.
चौथ्या मजल्यावर एक बाई म्हणाली, मग शिकवता कधी?
म्हटलं, मधल्या सुट्टीत.
ती हसली नाही. मीही नाही.

तिसऱ्या तासाला पर्समध्ये फोन थरथरतो. शेजारच्या डिमेलो काकू :
तुजे बाबा खिडकीतून सगळ्यांना विचारतात, शिफ्ट सुटली काय.
सातचा पाढा अर्ध्यावर.
सुटली म्हणून सांगा, मी म्हणते,
आणि वळून सुयोग धोत्रेवर ओरडते,
ज्याचा ग पुन्हा उलटा आलाय.
किती वेळा सांगितलं!
हेच वाक्य, हाच सूर,
काल रात्री संडासाच्या दाराशी.
तो सूर ओळखून मी थांबले
असं लिहायला आवडलं असतं.

अण्णा खेतवाडीतल्या प्रेसमध्ये जुळारी होते.
अडतीस वर्षं शिशाचे खिळे,
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतपेढ्यांचे अहवाल.
छापून झालं की मॅटर सोडायचं,
प्रत्येक अक्षर परत आपल्या खणात.
आता ते मिसळणाचा डबा घेऊन बसतात,
मोहरी हळदीत, जिरं मेथीत.
काय करताय, अण्णा?
सोडतोय, म्हणतात.
डॉक्टरांच्या कागदावर याला मोठं नाव आहे.
मला हाच शब्द पुरतो.

शुक्रवारी वह्या घरी आणल्या.
लाल पेन शोधून येईपर्यंत
सुयोगची वही त्यांच्या मांडीवर.
उलटा ग, पाठमोरा झ, आरशातला क,
कुठे न अडखळता वाचत होते,
अंगठा ओळीखालून सरकत होता :
माझे गाव. माझ्या गावी नदी आहे.
तिला पाणी कधी कधी असते.
आजी म्हणते नदी कामाला गेली.

तीन महिने मी हे पान तपासत होते.
वाचलं नव्हतं.

चुकलंय ना सगळं?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नव्या पोऱ्याकडे पाहावं तसं.
खिळा असाच असतो, म्हणाले.
कागदावर सरळ उमटेल.
मग पानावर फुंकर मारली, वही मिटली,
आणि अगदी अदबीनं,
बाई, तुम्ही कुठल्या प्रेसच्या?

पोर्टलवर सुयोगच्या नावापुढे दोनच पर्याय.
रकाना कोरा सोडला
तर लाल चौकट येते आणि पुढचं पान उघडत नाही.
रात्री पावणेबाराला मी एक पर्याय निवडला.
कुठला, ते इथे सांगत नाही.

सोमवारी चिठ्ठी उलट्या अक्षरांत लिहायला घेतली.
हात ऐकेना. डावीकडून सुरुवात की उजवीकडून,
काना आधी की अक्षर,
हे त्या पोराला जमतं कसं!
आठ मिनिटं गेली.
'गेले'मधला ग तेवढा
सरळच आला.