कळपाची वही

आमच्या गोठ्यात प्रत्येक गायीचा बाप ठाऊक आहे.
कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा,
आकड्यावरून वहीतलं पान,
पानावर आई, बाप, आईचा बाप,
बापाच्या आईनं कुठल्या साली किती दूध दिलं
आणि तिचे खूर कसे होते, तेसुद्धा.

वहीतलं अक्षर क्लेमचं. बारीक, उजवीकडे कललेलं,
गिप्सलँडच्या वाऱ्यात कुंपणं कलतात तसं.
पस्तीस वर्षं मी त्याला डॅड म्हणते.

माझा धंदाही हाच.
लिऑनगाथापासून कोरम्बरापर्यंत
नायट्रोजनची टाकी गाडीत घालून फिरते.
चिमट्यानं कांडी उचलायची, कोमट पाण्यात धरायची,
पुसायची,
आणि भरण्याआधी वळूचं नाव मोठ्यांदा वाचायचं.
नियमच आहे तसा.
उद्या कालवड आपल्याच बापाला जायला नको.

मेलबर्नच्या त्या दवाखान्यात
माझ्या वेळी कोणी मोठ्यांदा काही वाचलं नाही.
कार्डावर एवढंच :
के-एकेचाळीस. डोळे करडे. विद्यार्थी.
करारावर तीन सह्या. आई, क्लेम, डॉक्टर.
चौथी माझी हवी होती म्हणावं
तर मी होते कुठे?
जिच्याबद्दल बोलणी, तीच गैरहजर,
आणि बोलणी पक्की.

मग कायदा बदलला.
त्या विद्यार्थ्याला शब्द दिलेला होता,
तुझं नाव कधी कोणाला कळणार नाही.
तो शब्द सरकारनं माझ्यासाठी मोडला.
मला आनंद झाला.
मग लाज वाटली, कारण शब्द मोडणाऱ्या माणसाला
आमच्याकडे कोणी गाय विकत नाही.
मग पुन्हा आनंद झाला, पहिल्याहून जास्त.

पत्र फेब्रुवारीत आलं, माळ वाळून पांढरा पडला तेव्हा.
लाइल प्रिडम. निवृत्त. मुक्काम बॅलरॅट.
भेट नको. फोन नको. फोटो नको.
खाली त्याच्या हातची एकच ओळ :
हृदय तपासून घे, माझे वडील बावन्नाव्या वर्षी गेले.

आणि सरकारी अक्षरात, जणू पावती :
याच क्रमांकाची आणखी अकरा अपत्ये नोंदलेली आहेत.

अकरा.
मी कोरम्बराच्या प्रदर्शनातले चेहरे आठवत बसले.
ज्याच्याशी दोन वर्षं फिरले, त्याचे डोळे करडे होते.

बी कोणाचं, शेत कोणाचं,
हा वाद जुना, आणि तो घालणाऱ्यांत
कणसाला कोणी कधी बोलावलं नाही.
कायद्यानं प्रिडम माझा कोणी नाही.
त्याच्या घरात माझा वाटा नाही, माझ्या लग्नात त्याची खुर्ची नाही.
फक्त ही छाती, रात्री डाव्या कुशीवर
जरा जास्तच ऐकू येणारी.

पत्र दूधघरातल्या टेबलावर ठेवलं.
क्लेमनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.
उभ्यानं वाचलं.
म्हणाला, सोमवारी डॉक्टरची वेळ घे. मी येतो गाडीनं.
आणि धारेला निघून गेला.

त्या संध्याकाळी मी माझ्या जन्मसालाची वही काढली.
जुलैच्या पानावर, दोन कालवडींच्या मधे,
तेच कललेलं अक्षर :
मुलगी. सात पौंड दोन औंस. नाव मेरिन. आवाज चांगला.
आईच्या रकान्यात आई.
बापाच्या रकान्यात काहीच नाही.
पण पान दिव्यासमोर धरलं तर
तेवढ्या जागी कागद पातळ झालेला,
पेन्सिलनं लिहून खोडलेला,
लिहून खोडलेला,
किती वेळा ते मोजता येत नाही.
काय लिहिलं होतं तेही वाचता येत नाही.

खिशात पेन्सिल होती.
काढली. परत ठेवली.

बाहेर तो गायींना आत घेत होता.
आकडे सगळे पाठ आहेत त्याला,
पण हाक मारतो नावानं.