कानखूण

सप्टेंबरात मेंढरं डोंगरावरून उतरतात
आणि सगळी दरी गोल दगडी कोंडवाड्यात जमते.
कुणाची कोणती, ते कानावरून ठरतं.
डाव्या कानाचं टोक छाटलेलं, उजव्याला मागून खाच,
ही आमची. आईची, तिच्या आईची,
त्याआधी कुणा स्टेनव्योरची, जिच्याबद्दल
एवढंच ठाऊक आहे की तिची खूण हीच होती
आणि म्हातारपणी ती स्वतःच्याच दारात उभी राहून
आत घ्या हो, म्हणून विनवायची.

लोकर रंग बदलते, शिंगं मोडतात,
कान तेवढा खरं बोलतो.
आई तो अंधारातसुद्धा बोटांनी वाचायची.
तालुक्याची अख्खी खूणवही तोंडपाठ.
छापील वहीत चूक निघाली
की छापखान्याला फोन हिचाच.

आता ती सत्त्याऐंशीची.
किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात
रोज दुपारी विचारते, गाई पिळल्या का.
गाई आम्ही मी नववीत असताना विकल्या.

फेब्रुवारीत रेक्याविकहून लिफाफे आले.
संशोधनासाठी आम्ही बहीणभाऊ नळीत थुंकलो होतो,
'निकाल कळवावा का?' या चौकोनात
भावाने लगेच फुली मारली, मी दोन दिवसांनी.
एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं एक अक्षर.
एक प्रत असली तर धोका वाढतो,
दोन असल्या तर पुष्कळच,
आणि एकही नसली तरी हमी नाही,
असं फोनवरची मुलगी म्हणाली, इतक्या मऊ आवाजात
की मीच तिला धीर दिला.

ओर्नोल्फरने लिफाफा गोठ्यातच फोडला.
'एक,' म्हणाला. जशी कोकरं मोजावीत.
तेव्हापासून चाव्या सापडल्या नाहीत
की तो आधी माझ्याकडे बघतो,
मग खिशात.
माझा लिफाफा फ्रीझरवर, खूणवहीखाली.
हल्ली पुष्कळ काही विसरते मी,
तो कुठे आहे ते नाही.

या वर्षी आईला कोंडवाड्यावर आणलं.
चाकाची खुर्ची चिखलात रुतली,
शेजारच्या पोरांनी ती आईसकट उचलून
भिंतीच्या आडोशाला ठेवली.
मला म्हणाली, 'बाई, कॉफी मिळेल का?'
मी एक मेंढी गुडघ्यांत धरून तिच्यापुढे नेली.
हातमोजा तिने स्वतः काढला, दातांनी.
बोटं कानावरून फिरली. टोक. खाच.
'आमची,' म्हणाली. 'कुठे होतीस गं इतके दिवस?'
मला त्या मेंढीचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू.

पण हात थांबेचनात.
मी वाकलेली, टोपी सरकलेली,
तिने माझा कान धरला.
वरून खाली, मागून, पुन्हा वरून.
टोक शाबूत. खाच नाही.
पाळीला मात्र भोक,
पंधराव्या वर्षी आकुरेरीला जाऊन
तिला न विचारता पाडून घेतलेलं,
ज्यापायी तिने आठवडाभर अबोला धरला होता.
'भोक,' ती म्हणाली, जुन्या करड्या आवाजात,
'ही खूण आपल्यात नाही.
पलीकडच्या दरीतलं आहे, चुकून आलंय.
सोडा त्याला.'

ओर्नोल्फर हसला, फाटकावर हात आपटून हसला,
आणि मध्येच थांबला.
मी खरंच उठले, पलीकडच्यांच्या कप्प्यापाशी
जाऊन उभी राहिले.
तिथला म्हातारा म्हणाला, 'काही हरवलंय?'
'नाही, एक कोकरू बघतेय.'

रात्री डूल काढून ठेवला.
दिवा मालवून पाळी चाचपत राहिले,
भोकाची ही बाजू, ती बाजू,
आतली जुनी गाठ.
त्याच्या पलीकडचं माझ्या बोटांना वाचता येईना.
बाहेर कुणाची तरी मेंढी,
निवडायची राहून गेलेली,
रस्त्याच्या कडेने खाली चालली होती
न थांबता.