यादीत पहिली

ब्रातिस्लाव्हात, नदीच्या या अंगाला,
पेट्रझाल्काच्या आठ मजली खोक्यांच्या मधोमध
जिथे मोडक्या सायकली गंजत पडायच्या
तिथे आता चौदा वाफे आहेत, फळ्यांनी बांधलेले,
आणि प्रत्येकावर आकडा, क्रायचोव्हाबाईंच्या हातचा.
सात त्या असा काढतात
की कुणीतरी दार आपटून गेलंय असं वाटावं.

मला वाफा नाही.
मी यादीत पहिली आहे,
दोन वर्षं झाली, पहिलीच.
नवलकोलची रोपं बाल्कनीत, दह्याच्या डब्यांतून,
माना लांब करून बसलीत.
डॅन्यूबवरचा वारा त्यांना रोज आडवं करतो
आणि मी रोज उभं.

नियम लिफ्टशेजारी चिकटवलाय:
तीन आठवडे वाफ्याकडे कुणी फिरकलं नाही
तर तो यादीतल्या पहिल्या माणसाचा.
लिफ्टची वाट बघत हे मी इतक्यांदा वाचलंय
की लिफ्ट येऊन गेलेलीही कळत नाही.

मे महिन्यात अकरा नंबर ओस पडला.
वेंडेलीन हुडाक, चौथा मजला.
बंदरावर क्रेन चालवायचे,
अजूनही बोलतात वरून खाली.
बायकोच्या तपासणीत काहीतरी निघालं,
ती इस्पितळात, हे तिच्या खाटेशेजारच्या खुर्चीत.
जिन्यात इतकंच कळतं. बाकीचं भिंतींना.

पहिला आठवडा मी मोजला.
खोटं कशाला बोलू, दुसराही मोजला.
पाचव्या मजल्यावरून अकरा नंबर स्वच्छ दिसतो:
शेपू पिवळा पडत चाललेला,
सॅलडचा गड्डा जुन्या पावतीसारखा चुरगळलेला,
आणि तणाला कुणाच्या आजाराशी काय देणंघेणं.

एकोणिसाव्या दिवशी शेवटची ट्राम डेपोत लावून
रात्री एकला घरी येत होते.
अंगावर युनिफॉर्म, हातात डब्याची पिशवी.
का थांबले ते विचारू नका.
शेपूचा वास अंधारात मोठा होतो.
आई शेपूचा दाट पांढरा रस्सा करायची, वर उकडलेलं अंडं,
आणि मी नाक दाबून गिळायची.

मग रोज रात्री एक.
नळ हळू सोडायचा, कारण तो किंचाळतो.
झारी अर्धीच भरायची.
मोबाइल दातांत धरून तण काढायचं.
सकाळी क्रायचोव्हाबाई वही घेऊन येत,
ओली माती बघत, पेनाचं टोपण चावत,
अकरापुढे बरोबरची खूण करत.
आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हा,
झारीने भिजवलेला.

जुलै संपता संपता हुडाक परतले. एकटे.
त्या दिवशी लिफ्ट चौथ्या मजल्यावर बराच वेळ उघडी राहिली.

संध्याकाळी ते वाफ्याशी उभे होते, हात मागे बांधून.
काहीतरी म्हणावं म्हणून मी उतरले.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"इथे खसखस होती. बायकोची.
दर वर्षी आपली आपण उगवायची."

तण म्हणून काय काय उपटलं
ते तेव्हा पानापानाने आठवलं:
फिकट, निळसर, कातरलेल्या कडांची पानं,
मुळं किती सहज सुटून आली होती.

सांगितलं मी. सगळं नाही.
"मी उपटली" एवढंच.
ते वर बघत राहिले,
जणू दोराला काही जड लटकतंय
आणि माणसं खाली उभी आहेत.
मग वाकून शेपूची जुडी कापली,
माझ्या हातात कोंबली.
"पाणी फार घातलंस," म्हणाले,
"शेपूला इतकं लागत नाही."

आता सप्टेंबर. यादीत मी पहिलीच.
डब्यांतले नवलकोल लिंबाएवढे होऊन थांबलेत.
काल रात्री ड्युटीवरून आले
तर पायपुसण्यावर एक आगपेटी.
हलवली. आत बारीक वाळू सरकल्यासारखं.
वर पेन्सिलीने गेल्या वर्षाचं साल,
अक्षर हुडाकांचं नाही.

मला वाफा नाही
हे त्यांना ठाऊक आहे.