खिडकी क्रमांक चार

बाहेरून आमचा टाउन हॉल तोऱ्यात असतो:
वर हिरवा पडलेला तांब्याचा कांदा, त्यावर झेंडा नसलेली काठी,
दाराशी दोन दाढीवाले दगडी पुरुष,
मानेच्या शिरा फुगवून सज्जा तोलणारे.
सज्ज्याचं ओझं खरं तर भिंतीतल्या तुळईवर आहे.
हे अख्ख्या गावाला ठाऊक,
तरी जाता-येता कुणीतरी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारतंच:
"पाच वाजत आले, सुटाल आता."

आत संगमरवर. म्हणजे चुना, सरस आणि रंग.
हात लावला की कळतं, दगडाइतका गार लागत नाही.

मी एकतीस वर्षं खिडकी क्रमांक चारला.
जन्म, मृत्यू,
आणि मंगळवारी कुत्र्यांचा कर.

यंदा डागडुजीला ब्रनोहून वेन्दुल्का आली.
जेवणाच्या सुट्टीत तिने मला परांचीवर चढवलं.
"घुमट? कुठला घुमट, बाई?
सपाट छत आहे हे."
आणि खरंच, हाताच्या अंतरावर
देवदूतांच्या तंगड्या वीतभर जास्त ओढलेल्या,
गाल फुगलेल्या कणकेसारखे,
न्यायदेवतेचा एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट.
ढगाखाली पेन्सिलीने कुणाचा तरी हिशोब:
अंडी, पीठ, नऊ दिवसांची मजुरी बाकी.

"मग खालून इतकं खरं कसं दिसतं?"
"एकाच जागेवरून दिसतं," ती म्हणाली,
आणि रंगवलेले सगळे खांब जिथे एकमेकांना भेटतात
तिथून तिने ओळंबा सोडला.
तो डुलला, डुलला,
थांबला
माझ्या खिडकीसमोरच्या फरशीवर,
बशीसारख्या झिजलेल्या.

मला वाटायचं, रांगेने झिजली.

तिथेच झ्दिस्लावा उभी होती मागच्या हिवाळ्यात,
नवऱ्याचे कागद पावाच्या पिशवीत घालून,
आणि माझ्या प्रश्नांना उत्तरं देताना
वर बघत होती.
माझी नजर चुकवतेय, असं मी समजले.
"इकडे बघून बोला," असंही म्हणाले होते.

सोमवारी परांची चाकांवरून पलीकडे सरकवली.
सव्वादोनला म्हातारा कोसेक आला, टोपी हातात,
बहिणीचा दाखला हवा होता.
सही झाली. तारीख झाली.
त्याने मान वर केली.

शिक्का समोरच होता.
मी तो जरा वेळ शोधला.