वीस मिनिटं, दोनदा

बावीस वर्षं पाणीखात्याचे फोन घेतले मी,
हडर्सफील्डला, चढावरच्या ऑफिसात.
कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या तळघरात ओल,
आणि माझं एक बोट कायम म्यूटच्या बटणावर.
खोकला आला की पलीकडच्याला वाटे, लाइन गेली.

आधी दमा म्हणाले. मग धूळ. मग इथली हवा.
दर हिवाळ्यात सात दिवसांच्या गोळ्या,
आठव्या दिवशी पुन्हा तेच हिरवं.
रुमाल मी धुवायची सगळ्यांचे कपडे झाल्यावर,
वेगळ्या पाण्यात.

स्कॅनच्या आधी गळ्यातलं काढायला लावलं.
बोटातली राहू दे, म्हणाले, ती चालते.
आणि नंतर डॉक्टर ग्रिमशॉ पडद्यावर पेन टेकवून:
ही बघा अंगठी.
वर्तुळ म्हणजे श्वासनळी, खडा म्हणजे शेजारची रक्तवाहिनी.
दोघी साधारण सारख्या हव्यात. तुमची नळी फुगून दुप्पट.
ही एक, ही एक, खाली आणखी चार.
लग्नातसुद्धा एवढ्या नव्हत्या मिळाल्या.

लहानपणी काही झालं होतं?
डांग्या खोकला. बार्शीला, साडेतीन वर्षांची असताना.
आई सांगायची, निळी पडायचीस, मग बरी झालीस.
बरी झालीस, हे फार ठामपणे सांगायची.
ती असती तरी तिला कळवलं नसतं.

रुंद झालेलं आता अरुंद होत नाही.
पुढचं मला कुणी समजवायला नको होतं:
नळ मोठा, धार मंद, गाळ तळाशी.
हेच तर मी शेकडो लोकांना सांगितलंय,
काळजी करू नका, माणूस पाठवते.

माणूस म्हणजे ब्रॉना, फिजिओ, दंडावर गोंदलेला मासा.
कुशीवर झोपवलं. खोल श्वास. थांबा.
आता आरशावर वाफ धरायचीय, असा हाऽ सोडा.
मी सोडला, शेजारच्या खोलीत पाहुणे असल्यासारखा.
दाबू नका, म्हणाली.
मला दुसरं येतच नाही, म्हटलं मी,
आणि तेवढ्यात आलं ते सगळं.

पांढऱ्या झाकणाची डबी दिली तिने
आणि रंगांचा तक्ता, हॉल रंगवताना आणला होता तसा.
गडद झालं, वाढलं, तर कळवा.
नमुना आधी, गोळ्या नंतर.

पहिल्या सकाळी होल्रॉइडने भिंत ठोकली.
थांबले. डबी हातात, अर्ध्यावर.
मग भिंतीकडे तोंड करून पुन्हा सुरू केलं.

आज चौथा आठवडा. माझ्या वेळेला तो किटली लावतो,
शिट्टी ऐकू येते.
फिकट पिवळं. दोन चमचे.
काल तीन होते.