सिरीजचा बल्ब

खुशाली वेळीपने स्पीकर काउंटरवर ठेवला
तेव्हा कुडचड्याच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक चालले होते
आणि चहाच्या बशीतले माझे सगळे स्क्रू
नेहमीसारखे थरथरत होते.
दुसऱ्या अंकात गेला, म्हणाला.
राजा रागावून बोलतो, त्या जागी.
आधी घूं झालं, मग जळका वास,
मग राजाचा नुसता जबडा हलताना दिसला.
उद्या पालखी, परवा पुन्हा नाटक.

मागचे चौदा स्क्रू काढले.
फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली.
हे कोणी केलं, मी विचारलं नाही.
प्रत्येक मंडळात असा एक जण असतोच
आणि बहुतेक वेळा तोच स्पीकर घेऊन येतो.

आत लाल धूळ, आणि ट्रान्सफॉर्मरमागे
कागदासारखी वाळलेली एक पाल.
खुशालीचा चेहरा उजळला: ही बघा, हिनंच!
पण पाल गेल्या वर्षीची. तिने काही केलं नव्हतं,
उबेला येऊन बसली होती एवढंच.

वायर काढली म्हणजे बोर्ड मेला असं नसतं.
मोठे कपॅसिटर रात्रभर धरून ठेवतात
कालच्या नाटकाचा करंट.
तो आधी हळूच उतरवावा लागतो,
रागावलेल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसा, एक हात खिशात ठेवून.

मग सिरीजचा बल्ब. शंभर वॅटचा, जुना, पिवळा.
मेन आणि आजाऱ्याच्या मध्ये तो उभा राहतो.
लख्ख पेटला. म्हणजे शॉर्ट.
दोन आउटपुट ट्रान्झिस्टर, मीटर तिन्ही पायांवर
सारखाच बोंबलत होता.
ते काढले, नवे बसवले, अभ्रक पुसला, पेस्ट लावली.
बल्ब एकदा उजळून विडीच्या टोकाएवढा मंदावला.
झालं, म्हणाला खुशाली, आणि पाकीट काढलं.

तेवढ्यात मिनीन मेस्त आले.
रोज संध्याकाळी येतात, चहापुरते.
तीस वर्षं तियात्रांचे स्पीकर फुल्ल करून तपासले,
आता दोन्ही कानांनी काही ऐकू येत नाही.
मी शिकत होतो तेव्हा माझी मान वळवायचे:
बल्बाक पळय, म्हजें तोंड न्हय.
त्यांनी कोनावर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या पोटावर ठेवावा तसा.
बसून राहिले. चहा निवला.
मग बोट हलवून नाही म्हणाले.

मी पुन्हा वाकलो. बल्ब खरंच
तसूतसूने लाल होत होता.

पाऊण तास लागला. दोन उंच कपॅसिटरांच्या मुळाशी
कंपनीने लावलेला गोंद,
धक्क्याने काही हलू नये म्हणून प्रेमाने ओतलेला.
तेव्हा तो फिका पिवळा असणार.
उन्हातले मांडव, टेम्पोचा टप, आठ वर्षांची उष्णता
खाऊन खाऊन तो गुळाच्या काकवीसारखा काळपट झाला होता
आणि आता करंट वाहून नेत होता,
जिथे नेऊ नये तिथे.
खाली एका रेझिस्टरचा पाय कुरतडून हिरवा.

धातू लावायचा नाही. बांबूची काडी तासली,
स्पिरिटमध्ये बुडवून खरवडत बसलो,
कण कण, तपकिरी, नखाखाली.
धरून ठेवणाऱ्यानेच खाल्लं होतं सगळं.
खुशाली बघत होता. एकदा म्हणाला,
आमच्या मंडळाचं तसंच आहे.
पुढे काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

नवा पाय, नवा डाग, आरशासारखा.
बल्ब मंद. पाच मिनिटं. वीस मिनिटं. मंदच.
मग बल्ब काढून सरळ मेनवर घातला,
श्वास धरून, दरवेळी धरतो तसा.

मिनीन मेस्तांनी पुन्हा तळवा ठेवला
आणि दुसऱ्या हाताने निवलेला चहा ओढला.
रस्ताही त्या क्षणी रिकामा होता.
बशीतले स्क्रू गप्प.

बंद आहे का? खुशालीने हळूच विचारलं.
नाही, मी म्हटलं. चालू आहे.