सात अंश

लेव्हनच्या किनाऱ्यावर नऊ चटयांची सराव-पट्टी.
मंगळवार, संध्याकाळचे सहा.
समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला इथले लोक हार म्हणतात.
मी निमूट गळ्यात घालून घेते.

एल्सपेथ गॉर्ले, वय एकाहत्तर,
माझ्या पाठीला मागून काठी लावते:
डोकं, पाठ, माकडहाड.
"कमरेत नको, खुब्यात वाक.
आता डावा खुबा किंचित निशाणाकडे,
आणि कणा त्याच्यापासून लांब, कलता. सातेक अंश."

सात अंश!
कर्कॉल्डीच्या इस्पितळात मी दिवसभर कण्यांचे फोटो काढते.
कोन दहाच्या वर गेला
की डॉक्टर त्याला आजाराचं नाव देतात.
आणि मिरजेत, आमच्या घरी,
'नीट उभी राहा' हे रोजचं, वरणभातासारखं.
नीट म्हणजे सरळ.
सरळ म्हणजे कुणाच्या नजरेत न येणारी.

तशी उभी राहून मारला,
तर चेंडू वीस पावलं सरपटला, गवताची माफी मागत.
मग हावरटासारखी अख्खी त्याच्यामागे झुकले.
तो वर गेला. नुसता वर.

"जोर येतो कुठून?"
ती म्हणाली, पिळातून.
आणि मला नलूमावशी आठवली, ओली गोधडी,
दोन टोकांना दोघी.
एकीने घट्ट धरलं नाही
तर दुसरीने कितीही फिरवो, पाणी सुटत नाही.

खांदे फिरले. खुब्यांनी धरून ठेवलं.
मग खुबा आधी निघाला,
खांदे अजून यायचेच होते,
त्या मधल्या उशिरात काहीतरी ताणलं गेलं, बरगड्यांखाली,
चोपन्न वर्षांत न वापरलेलं.
डोकं मात्र मागेच,
बोट सुटल्यावर धक्क्यावर थांबलेल्या माणसासारखं.

टण्.

चेंडू धुक्यात गेला. पडलेला दिसला नाही.
एल्सपेथने कान दिला.
"दीडशे," म्हणाली, आणि थर्मासचं झाकण उघडलं.

बुधवारी फर्गस आला, चौदा वर्षांचा,
यंत्रासमोर खांदे ताणून, श्वास कोंडून.
आई दारातून: सरळ उभा राहा.
मी म्हटलं, नको रे.
रोज जसा उभा राहतोस तसा राहा.
मला तोच फोटो हवाय.